अर्जातला चौदावा रकाना: अपंगांसाठीचं काम आणि शांतता, संबंध काय?

पारसिककन्या | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही एका फॉर्मने छळलं म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कळवा-मुंब्रा पट्ट्यात आम्ही सात-आठ जणी मिळून दर रविवारी एक केंद्र चालवतो. केंद्र म्हणजे एका शाळेचा तळमजला, चार सतरंज्या, धरून चालायचा सराव करायला प्लंबरकडून पाइप जोडून करून घेतलेले पॅरलल बार आणि डोंबिवलीहून येणारी एक गुणी फिजिओ. सीपीची (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेली) मुलं येतात, पोलिओ झालेले पन्नाशीतले लोक येतात, रुळांवर पाय गेलेले तिघं येतात. आठवडाभर आमच्यातली कोणी ना कोणी घरोघरी जाऊन बघते: व्यायाम होतोय का, यूडीआयडी कार्डाचं (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचं) कुठवर आलं, मुलगी शाळेत जाते की पुन्हा घरी बसवली. पुस्तकी भाषेत याला समुदाय आधारित पुनर्वसन म्हणतात. आमच्याकडे त्याला नुसतं ‘रविवार’ म्हणतात. “तुमच्या रविवारात माझ्या सुनेला घ्याल का?” असं विचारतात लोक.

तर निधीसाठी एका ठिकाणी अर्ज भरायचाय. तेरा रकाने सुखरूप पार पडले. चौदावा असा: ‘संघर्षग्रस्त समुदायांतील शांतता-निर्मितीत आपल्या कार्यक्रमाचा सहभाग स्पष्ट करावा. शब्दमर्यादा ३००.’

आधी हसू आलं. कळवा म्हणजे काय काबूल आहे? सरळ ‘लागू नाही’ लिहिणार होते. मग एक गोष्ट आठवली आणि पेन खाली ठेवलं.

काही वर्षांपूर्वी एका मिरवणुकीवरून आमच्या भागात बाचाबाची झाली. दगड पडले, दोन दिवस दुकानं बंद. फार मोठं काही नाही, पेपरात आतल्या पानावर चार ओळी. पण पुढचे तीन रविवार आमची खोली रिकामी. अलीकडच्या गल्लीला पलीकडची भीती, पलीकडच्या गल्लीला अलीकडची. चौथ्या रविवारी एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या. नातू आठ वर्षांचा, पाय पार त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. म्हटलं, अहो आजी, आज कशा काय? तर म्हणाल्या, “कॅलिपरचा पट्टा तुटलाय गं. पाय वाकडा पडायला लागलाय.” (कॅलिपर म्हणजे कमजोर पायाला पट्ट्यांनी बांधायचा आधार.) पुढच्या रविवारी त्यांची शेजारीण आली. मग पलीकडची एक आई आली, कारण फिजिओ रिकामी बसून असते हे तिच्या कानावर गेलं होतं. दीड महिन्यात खोली पूर्वीसारखी भरली. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही, कोणी माफी मागितली नाही. सतरंजीवर जरा सरकून जागा करून दिली, एवढंच.

याला शांतता-निर्मिती म्हणायचं का? म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं वाटतं, नाही म्हटलं तर त्या आजींवर अन्याय केल्यासारखं.

थोडं वाचलं. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८च्या अल्मा-अटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ही कल्पना पुढे आणली: अपंग माणूस शहरातल्या संस्थेपर्यंत पोचत नसेल, तर पुनर्वसन त्याच्या वस्तीत न्यायचं, तिथल्याच माणसांना शिकवून. २०१०मध्ये मार्गदर्शिका आली, तिचे पाच भाग: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन, सक्षमीकरण. त्यात शांतता नावाचा भाग नाही!

आणि काबूलचंच म्हणाल तर तिथे रेडक्रॉसचं हातपाय बनवायचं केंद्र आहे. अल्बर्तो कैरो नावाचा इटालियन माणूस १९९०पासून तिथे काम करतो. तिथले जवळजवळ सगळे कर्मचारी स्वतः अपंग आहेत, आधी रुग्ण म्हणून आलेले. सुरुवात युद्धात जखमी झालेल्यांपासून झाली, पुढे पोलिओवाल्यांना, अपघातवाल्यांना, जन्मतः अपंग असलेल्यांनाही दार उघडलं. सरकारं बदलली, एकमेकांवर गोळ्या झाडणारे शेजारशेजारच्या बाकांवर पाय बसवून घेत राहिले.

तुम्हाला काय वाटतं? आणि कोणी असे अर्ज भरले असतील तर सांगा, नेमकं काय लिहितात हो त्या रकान्यात?

नेरुळचे नाना | रविवार, रात्री ११:४८

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. हे रकाने म्हणजे पैसे देणाऱ्यांची फॅशन असते. एकेकाळी प्रत्येक अर्जात एड्स यायचा, मग महिला सक्षमीकरण, मग हवामानबदल. आता शांतता. उद्या चांद्रयान येईल आणि तुम्ही लिहाल, आमच्या व्हीलचेअरी चंद्रावरही चालतात.

पट्टा बदलला म्हणून तंटा मिटला नाही. तंटा मिटला कारण लोकांना दुकानं उघडायची होती. मला जगातलं एक उदाहरण दाखवा, जिथे अपंगांच्या कार्यक्रमाने युद्ध थांबलं. एक.

ओवाळणी | सोमवार, सकाळी ७:०२

वाचतेय. पारसिककन्या, आजींचा प्रसंग डोळ्यांसमोर आला.

नेटजवळचा | सोमवार, सकाळी ९:३०

नाना, युद्ध थांबवणारं उदाहरण नाही माझ्याकडे. पण युद्धानंतर एका नेटच्या दोन बाजूंना माणसं बसवणारं आहे.

बसून खेळायचं व्हॉलीबॉल. कोर्ट १० बाय ६ मीटरचं, पुरुषांसाठी नेट १.१५ मीटर उंच. चेंडू मारताना ढुंगण जमिनीवरून उचललं की फाउल. ऐकायला सोपं वाटतं, एकदा खेळून बघा, दुसऱ्या दिवशी दंड उचलत नाहीत. (मी वाशीत हौशी व्हॉलीबॉल खेळायचो, लिगामेंट गेलं तेव्हा मित्रांनी गंमत म्हणून बसून खेळवलं. गंमत माझीच झाली.)

रवांडात १९९४च्या नरसंहारात तीन-साडेतीन महिन्यांत लाखो माणसं मारली गेली. पुढे तिथे या खेळाचा संघ उभा राहिला आणि तो उभा करण्यात युद्धात एकमेकांविरुद्ध असलेल्या दोन सैन्यांतली, पाय गमावलेली माणसं एकत्र होती. २०१२च्या लंडन पॅरालिम्पिकला तो संघ गेला. सहाराच्या दक्षिणेकडल्या आफ्रिकेतून या खेळात तिथवर पोचलेला तो पहिला संघ.

बोस्नियाचं तर विचारूच नका. १९९२ ते ९५ युद्ध, मागे राहिलेले सुरुंग, त्यात पाय गेलेली तरणी पोरं. इराणकडे इराकशी आठ वर्षं चाललेल्या युद्धातले जखमी. २००० ते २०१६ या पाचही पॅरालिम्पिकांचा पुरुषांचा अंतिम सामना इराण विरुद्ध बोस्निया. दोन युद्धांनी जगातले दोन सर्वोत्तम संघ तयार केले. हे वाक्य लिहितानाही कसंतरी होतं.

सगळ्याचं मूळ बघायचं तर १९४८, इंग्लंडचं स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटल. नाझी जर्मनीतून पळून आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत होते. लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी त्यांनी १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकची सुरुवात ती.

कुबडीबहाद्दर | सोमवार, दुपारी १:१५

डबा खाऊन निवांत लिहितोय. मला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, आता वय ५४, घणसोली ते सीएसएमटी २६ वर्षं केलंय. त्यामुळे थोडं अधिकाराने.

नेटजवळचे दादा, खेळ उत्तम. पण अपंग माणसं म्हणजे जन्मजात शांतिदूत हा गैरसमज कृपया नको. अपंगांच्या डब्यात या एकदा, सकाळी ८:२०च्या लोकलला. आत शिरलेल्याची आधी वरपासून खालपर्यंत नजरेने तपासणी. “तुमचं काय?” कॅन्सरचा रुग्ण कार्ड दाखवतो, गरोदर बाई पोट दाखवते, बहिरा माणूस काय दाखवणार? त्याचं तर काही दिसतच नाही. त्याला हमखास उठवतात. आंधळा लंगड्याला म्हणतो तू धडधाकट, लंगडा मुक्याला म्हणतो तू ढोंगी. २६ वर्षांत कुबड्यांनी झालेल्या दोन मारामाऱ्या पाहिल्यात. एकीत कुबडी माझी होती.

विनोद बाजूला. हेच भांडण मोठं केलं की देश होतो. ‘खरा अपंग कोण? आधी कोणाला?’

सिएरा लिओनीत १९९१ ते २००२ यादवी झाली. तिथे लोकांचे हात मुद्दाम तोडले गेले, जगभर फोटो छापून आले. शांतता करार झाला. ज्यांनी बंदुका जमा केल्या त्यांना प्रशिक्षण, भत्ता, नवं आयुष्य सुरू करायला मदत. करार टिकवायचा तर हे लागतंच, समजू शकतो. पण ज्यांचे हात गेले ते फ्रीटाउनच्या छावणीत बसून बघत होते. हात तोडणाऱ्याला सुतारकाम शिकवतायत आणि हात गेलेल्याने कशाने रंधा धरायचा? तो राग किती खोल गेला असेल! तिथेही पुढे एका पायावर कुबड्या घेऊन फुटबॉल खेळणाऱ्यांचा संघ झाला. गोलकीपर एका हाताचा. तेही लोकांना आवडतं, व्हिडिओ बनतात. भत्त्याचा व्हिडिओ कोणी बनवत नाही.

आणि हे फक्त गरीब देशातलं समजू नका. उत्तर आयर्लंडमध्ये कित्येक वर्षांच्या हिंसाचारानंतर १९९८ला शांतता करार झाला. त्या हिंसाचारात कायमचं अपंगत्व आलेल्यांसाठी भरपाईची योजना अर्जांसाठी खुली झाली ऑगस्ट २०२१मध्ये. २३ वर्षं! अडलं कशावर? स्वतः ठेवायला निघालेल्या बॉम्बने ज्याचे पाय गेले, तो ‘पीडित’ की नाही. शेवटी त्याला वगळलं. बरोबर की चूक ते जाऊ द्या, पण या वादात अंथरुणाला खिळलेली किती साधी माणसं तेवढ्यात मरून गेली.

म्हणून पारसिकताई, माझं मत: तुमच्या खोलीत जे झालं त्याला मी शांतता म्हणेन, पण सतरंजीमुळे नाही. तुमच्याकडे ‘तुमचं काय?’ विचारून कोणाला उठवत नाहीत म्हणून.

ओवाळणी | सोमवार, दुपारी १:४०

कुबडी कोणाला लागली ते सांगा आधी 😄

कुबडीबहाद्दर | सोमवार, दुपारी १:५२

पंख्याला. नेम चुकला.

खडकी_ते_खारघर | सोमवार, रात्री ९:२०

पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर फौजेत होते, पाय गुडघ्याखालून गेला. ते कसं, कुठे, ते लिहीत नाही. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसला, नंतर खडकीला काही काळ होतो. तिथे पहिल्या महायुद्धातल्या जखमी शिपायांसाठी १९१७ला सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट अजून चालू आहे, मणक्याला इजा झालेल्यांसाठी वेगळं पुनर्वसन केंद्र आहे. व्हीलचेअरवरचे जवान तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. मुरलीकांत पेटकरांचं नाव सगळ्यांना माहीत असेल, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ला जर्मनीत हायडलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक. आपल्या सांगलीकडचे. पद्मश्री मिळाली २०१८ला.

आम्हाला सन्मान मिळाला, पेन्शन मिळाली, तक्रार नाही. पण खारघरला आल्यावर आमच्याच मजल्यावर एक कुटुंब आहे, त्यांचा मुलगा मतिमंद आहे (आता बौद्धिक अक्षम म्हणायचं ना?). सोसायटीच्या १५ ऑगस्टला ह्यांना पुढच्या खुर्चीवर बसवतात, शाल देतात. तो मुलगा टाळ्या वाजवत जोरात ओरडला तर त्याच्या आईला म्हणतात, जरा खाली घेऊन जा. एक वर्ष ह्यांनी शाल घेतली नाही, खाली जाऊन त्याच्याजवळ बसले. मला तेव्हा थोडा राग आला होता, खरं सांगते. सगळे बघत होते.

फौजीच्या पायाला शौर्य म्हणतात आणि त्या मुलाच्या वाट्याला ‘नशीब’ येतं. युद्ध झालेल्या देशात तर हे शंभरपट होत असेल.

पारसिककन्या | सोमवार, रात्री १०:०५

खडकी ते खारघर, चुकलं काहीच नाही. लिहीत राहा.

तुम्ही म्हणता ते अगदी खरंय. जगात साधारण सहातला एक माणूस कुठल्या ना कुठल्या अपंगत्वासह जगतो, हा आरोग्य संघटनेचाच अंदाज. म्हणजे युद्धाआधीही प्रत्येक गावात बहिरे, आंधळे, सीपीची मुलं होतीच. युद्ध आलं की मदत येते ती सुरुंगाने पाय गेलेल्यांसाठी, त्यांचे फोटो असतात. आणि शेजारच्या घरातली जन्मापासून न चालणारी मुलगी तशीच राहते. किंबहुना तिची आई आता निर्वासित छावणीत आणि व्हीलचेअर मागे गावात.

शिवाय करार झाल्यावर बातमी संपते, पाय संपत नाही. वाढत्या मुलाला साधारण सहा महिन्यांनी नवा पाय लागतो, मोठ्या माणसाला तीन-पाच वर्षांनी. हाड वाढतं, स्टंप (पायाचा उरलेला भाग) बारीक होतो, सॉकेट (त्यावर बसणारी कृत्रिम पायाची खोबण) घासतं, जखम होते. सहा वर्षांच्या मुलाला सुरुंग लागला तर तो म्हातारा होईपर्यंत किती पाय? तेवढी वर्षं दुरुस्ती करणारा माणूस त्याच्या पंचक्रोशीत हवा. परदेशी तज्ज्ञ तोवर तिसऱ्या देशात गेलेला असतो.

कंबोडियाचे तुन चन्नारेथ आहेत. स्वतः सैनिक होते, १९८२ला सुरुंगाने दोन्ही पाय गेले. सुरुंगबंदीच्या मोहिमेला १९९७ला शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा मोहिमेतर्फे व्यासपीठावर तेही होते. आणि नोबेलनंतर? सिएम रीपला व्हीलचेअरी बनवतात, खेड्यापाड्यांत नेऊन देतात. मला नोबेलपेक्षा त्या वर्कशॉपचं जास्त वाटतं.

कौसेकर | मंगळवार, सकाळी ६:४०

फजरच्या (पहाटेच्या) नमाजानंतर वाचला धागा. पारसिककन्याताई, तुमचा रविवार मला माहीत आहे, आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी येते तुमच्याकडे. नाव लिहीत नाही.

नानांना एक सांगायचंय. आम्ही मूळ रत्नागिरीकडचे, वडील नोकरीला मुंबईत, चाळीत राहायचो. ९२-९३च्या दंगलींनंतर मुंब्र्याला आलो, जसे हजारो लोक आले. आज मुंब्रा-कौशाची जी गर्दी दिसते, तिची सुरुवात बरीचशी त्या काळातली. ‘संघर्षग्रस्त’ म्हटलं की लोकांना काबूल आठवतं. आम्हाला आमचा जुना पत्ता आठवतो.

आमचे मोठे चाचा जन्मतः बहिरे. कर्फ्यूत सगळ्यात मोठा धोका त्यांना होता, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. कर्फ्यू लागल्याची गाडी भोंगा वाजवत गेली, ती त्यांनी ऐकली नाही. मागून ‘रुको’ म्हटलेलं ऐकू आलं नाही तर काय होतं, विचार करा. ते सकाळी नेहमीसारखे दूध आणायला निघाले. समोरच्या खोलीतल्या परबकाकूंनी जिन्यातच त्यांचा शर्ट मागून धरला आणि सोडलाच नाही. पाठीवरचं बटण तुटलं म्हणे (चाचा उलटा शर्ट घालायचे, सवय होती त्यांची). पुढचे सगळे दिवस काकूंनी त्यांच्यासाठी पाटी ठेवली होती, खडूने लिहायच्या: आज बाहेर नाही. आज दोन तास. चाचा वाचायला शिकले होते म्हणून जीव वाचला, असं अब्बा म्हणायचे. बहिऱ्यांच्या शाळेत जेमतेम चार वर्षं गेले होते.

तर ती चार वर्षांची शाळा म्हणजे शांततेचं काम होतं की अपंगांचं? मला नाही सांगता येत.

दुसरं. भिवंडी इथून फार लांब नाही. १९७०ला दंगल, १९८४ला दंगल. मग सुरेश खोपडे तिथे पोलिस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या झाल्या. दोन्हीकडची माणसं आणि पोलिस नियमित एकत्र बसायचे. विषय काय, तर रोजचेच, गल्लीतली छोटी भांडणं, तक्रारी. ९२-९३ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. बसायची सवय आधी लागलेली होती. तुमच्याकडे तेच आहे, फक्त विषय कॅलिपर.

नेरुळचे नाना | मंगळवार, सकाळी ८:१५

कौसेकर, परबकाकूंना माझा नमस्कार सांगा.

कौसेकर | मंगळवार, सकाळी ८:३१

२०११ला गेल्या, नाना. चाचा त्याच्या पुढच्या वर्षी.

कलमकसाई | मंगळवार, सकाळी ११:२०

भावना पोचल्या. आता कायदा, कारण अर्जाच्या रकान्यात तोच उपयोगी पडतो.

१. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार, डिसेंबर २००६. भारताने ऑक्टोबर २००७मध्ये मान्य केला. त्याचं अनुच्छेद ११: सशस्त्र संघर्ष, मानवी संकट, नैसर्गिक आपत्ती यांत अपंगांच्या संरक्षणाची जबाबदारी राष्ट्रांची.

२. सुरक्षा परिषदेचा ठराव २४७५, २० जून २०१९, एकमताने मंजूर. सशस्त्र संघर्षातल्या अपंगांवर परिषदेने केलेला हा पहिला स्वतंत्र ठराव. त्यात त्यांना केवळ मदत द्या असं नाही, संघर्ष सोडवण्यात आणि शांतता उभारण्यात त्यांचा सहभाग घ्या, असंही आहे. ताई, तुमचा चौदावा रकाना बहुतेक इथून जन्माला आलाय.

३. आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. लोकांना २१ प्रकार आणि ४ टक्के आरक्षण तेवढं माहीत असतं. कलम ८ कोणी वाचत नाही. धोका, सशस्त्र संघर्ष, आपत्ती यांत समान संरक्षण. त्याच कलमात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याच्या वेळी त्यांना कळवावं, असं स्पष्ट आहे. कौसेकरांच्या चाचांची पाटी आता कायद्यात आहे, फक्त खडू कोणाच्या हातात ते विचारायला हवं. माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकतो, ठाणे जिल्ह्यासाठी. नोंद आहे का, कधी अद्ययावत केली, बहिऱ्यांना कळवायची काय सोय.

दिव्याखाली | मंगळवार, दुपारी ३:०५

कोणी काश्मीरबद्दल बोलणार आहे की नाही? २०१६ला छर्ऱ्यांनी किती जणांचे डोळे गेले

बिनीचा | मंगळवार, दुपारी ३:१२

आणि जवानांचे डोळे गेले ते? एकतर्फी लिहू नका.

दिव्याखाली | मंगळवार, दुपारी ३:१४

सुरुवात कोणी केली ते

संपादक | मंगळवार, दुपारी ३:४०

यानंतरचे ११ प्रतिसाद काढले आहेत. विषयावर लिहा.

कुबडीबहाद्दर | मंगळवार, सायंकाळी ६:१०

बघा, आला की नाही ८:२०चा डबा?

काश्मीरचंच सांगायचं तर मला एक माणूस माहीत आहे, म्हणजे वाचून. जावेद अहमद टाक, बिजबेहाराचे. १९९७ला बंदूकधाऱ्यांच्या गोळ्या लागल्या, मणका गेला, कमरेखालचं शरीर गेलं. कॉलेजात शिकणारा पोरगा. अंथरुणावर पडल्यापडल्या आसपासच्या मुलांना शिकवायला लागले. पुढे संस्था काढली, अपंग मुलांसाठी शाळा काढली. २०२०ला पद्मश्री. त्या शाळेत बहिरी, आंधळी, जन्मतः अपंग मुलं शिकतात, गोळीशी ज्यांचा काही संबंध नाही. ज्याला गोळी लागली त्याने ‘आधी गोळीवाले’ असं म्हटलं नाही. माझ्या मते सगळ्या धाग्याचं उत्तर तिथे आहे, पण दिव्याखाली आणि बिनीचा यांना ते नको असणार.

साडेतीन_वाजता | मंगळवार, रात्री १०:५०

सगळे पुरुष किंवा सैनिक किंवा खेळाडू. बायका कुठे आहेत या धाग्यात?

मुलीला सीपी आहे, १९ वर्षांची आहे. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर बेडसोर. रात्रीही. गजर लावून झोपते, साडेतीनचा सगळ्यात वाईट. नोकरी सोडून १४ वर्षं झाली. अपंगत्व येतं एकाला, नोकरी सुटते बाईची. तिथे युद्धात नवरा गेलेला, मुलगा खाटेवर, पाण्याला दोन किलोमीटर जायचं आणि वाटेत सुरुंग असतील की नाही माहीत नाही. तिला कोणी शांतता चर्चेच्या टेबलावर बोलावलं तर कूस कोण बदलणार?

अर्जात माणूसबळाचे पैसे मागा, पारसिककन्या. दोन तास घरी बसणारी बाई, पगार देऊन. बाकी सगळं नंतर.

नेरुळचे नाना | बुधवार, सकाळी ७:२५

रात्री नीट झोप नाही लागली, वाचत बसलो. स्वतःविरुद्धच पुरावा सादर करतो.

एल साल्वादोरमध्ये यादवी चालू असताना, १९८५ला, युनिसेफ आणि चर्चच्या मध्यस्थीने सरकार आणि बंडखोर दोघांनी लसीकरणासाठी तीन दिवस गोळीबार थांबवला. पोलिओ, गोवर वगैरे. पुढेही दरवर्षी. त्याला ‘शांततेचे दिवस’ म्हणू लागले. हीच युक्ती नंतर इतर देशांत वापरली. गाझात २०२४च्या ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाचा पाय पोलिओने लुळा पडला, २५ वर्षांत पहिलाच. सप्टेंबरमध्ये डोससाठी ठरावीक तास, ठरावीक भागांत लढाई थांबवायची दोन्हीकडून कबुली मिळाली.

तेव्हा अपंगत्व टाळायच्या कार्यक्रमाने बंदुका थांबल्या, असं उदाहरण आहे. मी एक मागितलं होतं, दोन मिळाली. पण वकिली इमानाने करायची तर हेही लिहितो की साल्वादोरचं युद्ध त्यानंतर १९९२पर्यंत चाललं आणि गाझात डोस झाल्यावर बॉम्ब पुन्हा पडले. माझी शंका अर्धी कायम. लहान मुलासाठी थांबतात, मोठ्यांसाठी नाही.

साडेतीन वाजता, तुमच्या प्रतिसादाला उत्तर नाही माझ्याकडे. सौ. विचारतेय की नेरुळ-सीवूड्सच्या जवळपास राहता का. ती दुपारी मोकळी असते. संपर्कातून कळवा, इथे पत्ता लिहू नका.

साडेतीन_वाजता | बुधवार, सकाळी १०:००

संपर्कातून लिहिलंय.

पारसिककन्या | गुरुवार, रात्री ११:३०

अर्ज आज गेला. चौदावा रकाना शेवटी असा भरला, संपादित करून टाकतेय:

‘आमच्या वस्तीत ९२-९३च्या दंगलीनंतर स्थलांतरित झालेली कुटुंबं आणि मूळ रहिवासी असे दोन्ही राहतात. तणावानंतर केंद्र तीन आठवडे ओस पडलं, चौथ्या आठवड्यात कॅलिपरच्या दुरुस्तीसाठी एक लाभार्थी आली व पुढील सहा आठवड्यांत उपस्थिती पूर्ववत झाली. केंद्रात प्रवेशासाठी अपंगत्वाचं कारण, धर्म वा पत्ता विचारला जात नाही. कलम ८नुसार वस्तीतील बहिऱ्या व न चालणाऱ्या व्यक्तींची यादी आणि आणीबाणीत त्यांना कोण कळवणार याचं नाव आम्ही ठेवू इच्छितो. त्यासाठी तसेच घरी काळजी घेणाऱ्या दोन स्त्रियांच्या मानधनासाठी निधी अपेक्षित आहे. शांतता प्रस्थापित केल्याचा आमचा दावा नाही.’

शेवटचं वाक्य काढ असं फिजिओ म्हणाली. ठेवलं.

कलमकसाई, माहिती अधिकाराचं काय झालं?

कलमकसाई | शुक्रवार, सकाळी ९:४५

टाकला. तीस दिवस.

कौसेकर | शुक्रवार, दुपारी २:२०

यादीसाठी आमच्या बाजूच्या तीन बिल्डिंगा मी घेतो. रविवारी येतो, कागद द्या.

पारसिककन्या | शुक्रवार, दुपारी ४:००

या, सव्वादहानंतर, त्याआधी लहान मुलांचे व्यायाम चालू असतात. आणि एक अवांतर: कॅलिपरच्या पट्ट्यांसाठी चामडं हवंय, रेक्झिन तीन महिन्यांत फाटतं. आमचा ठाण्याचा मोची गावी गेलाय. कोणाला ठाऊक आहे का, थोडं थोडं कापून देणारा?

कुबडीबहाद्दर | शुक्रवार, सायंकाळी ५:३५

धारावीत मिळेल, चामड्याची दुकानं ओळीने आहेत. मी शनिवारी सायनला जाणारच आहे. रुंदी किती, सव्वा इंच की दीड?

पारसिककन्या | शुक्रवार, सायंकाळी ५:५०

सव्वा. मोठ्यांसाठी दोन दीडचे. बकल आहेत माझ्याकडे.